कपबशीचा दात

३ नोव्हेंबर, सोमवार

बाबांचा पुढचा दात तुटला. वरच्या दोन मोठ्या दातांपैकी उजवीकडचा. काल तालमीहून घरी येताना सायकलवाल्याने मागून धडक दिली आणि बाबा पदपथाच्या कडेवर तोंडावर आपटले. निम्मा दात गेला, ओठ फाटला. क्लॅरिनेटच्या पेटीवर मात्र ओरखडासुद्धा नाही. पडताना त्यांनी ती पोटाशी धरली होती. हात टेकले असते तर दात वाचला असता.

आई ओठ पुसता पुसता म्हणाली, "मी बरोबर असते तर मला खाली घालून पेटी वर ठेवली असती यांनी."

बाबा तिच्याकडे बघून हसले आणि ओठातून पुन्हा रक्त आले.

सायकलवाल्यानेच त्यांना घरी आणून सोडले. माणूस दिसायला भला होता, पण सारखे एकच म्हणत होता, "मी घंटी वाजवत होतो हो. सारखी वाजवत होतो. हे बाजूलाच होईनात." मी म्हटले, "घंटी वाजवली असती तर माणूस रस्त्याच्या मधोमध चालत राहिला असता का?" मी आणखीही बोललो. चूक करून वर खोटे बोलणाऱ्यांचा मला फार राग येतो.

संध्याकाळी बँडमास्तर येऊन गेले. नव्या बागेचे उद्घाटन तेवीस तारखेला आहे आणि हंगामाची सुरुवात तिथूनच होते. पहिल्या संथ धुनेची सुरुवात बाबांची एकट्याची आहे. आधी त्यांचे क्लॅरिनेट, मग सगळा बँड त्यांच्या मागून. मास्तर म्हणाले, "आराम करा. घाई नाही." आणि लगेच, "तोवर लांबूला पुढं उभा करतो." लांबू म्हणजे दुसरे क्लॅरिनेट वाजवणारा, वयाने माझ्याएवढाच.

बाबा सगळा वेळ मास्तरांच्या तोंडाकडे एकटक बघत होते. म्हणाले, "मी पुढंच उभा राहीन. मागं उभं राहून मला जमायचं नाही."

बाबांना असा मान लागतो हे मला माहीत नव्हते. बिनदाताच्या तोंडाने ते बोलले ते ऐकवत नव्हते.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज दुकानातून सुट्टी घेतली आणि बाबांना दाताच्या दवाखान्यात नेले. एका दिवसात पोर्सेलीनचा दात करून देतात असे मालकांनी सांगितले होते. माझा विश्वास नव्हता. आमच्याकडे साधा रबरी शिक्का करायचा तर गिऱ्हाइकाला उद्या या म्हणतो.

डॉक्टरबाई तरुण आहेत. तोंडावर मास्क, डोळ्यांवर मोठा चष्मा, त्यावर दिवा. चेहरा म्हणून नुसते कपाळ दिसत होते. त्यांनी विचारले, "काका, पूर्वी कधी भूल घेतलीय का?"

बाबा म्हणाले, "उजवीकडचा. वरचा."

"नाही, भूल. इंजेक्शन."

"हो हो."

"दुखलं तर डावा हात वर करा."

बाबांनी लगेच हात वर केला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "अहो, अजून मी काही केलंच नाही!" मदतनीस बाई हसल्या. मला फार ओशाळल्यासारखे झाले. एवढ्या लोकांसमोर वाजवणारा माणूस, पण खुर्ची मागे कलली आणि पार भांबावून गेला. मग मी पायथ्याशी उभा राहून प्रत्येक प्रश्न पुन्हा मोठ्याने सांगू लागलो. तेव्हा नीट उत्तरे देऊ लागले. धीर आला असणार.

मूळ शाबूत आहे, नसही वाचली आहे असे डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी उरलेला दात चहूबाजूंनी घासून खुंटीसारखा केला. मग पेनाएवढा कॅमेरा तोंडात फिरवला आणि समोरच्या पडद्यावर बाबांचे सगळे दात उभे राहिले, हिरड्यांसकट. शेजारचा डावा दात उचलून त्यांनी तो आरशात दिसतो तसा उलटा केला आणि खुंटीवर बसवला. हे मला लगेच समजले. शिक्क्याचे काम करणाऱ्याला रोज सगळे उलटेच बघावे लागते.

डाव्या दाताच्या टोकाला एक छोटी खाच होती. डॉक्टरबाईंनी विचारले, "ही कसली?" मी सांगितले, क्लॅरिनेटचा माउथपीस वरच्या दातांवर टेकवून धरतात. इतक्या वर्षांत घासून खाच पडली. तुटलेल्या दातालाही होती.

"मग नव्यालाही ठेवू या. त्यांना ओळखीचं वाटेल."

मग पोर्सेलीनचा ठोकळा यंत्रात लावला. साखरेच्या वडीएवढा, आणि रंग चक्क जांभळा. काचेच्या दारातून आत दिसत होते. दोन्ही बाजूंनी हिऱ्याच्या दोन बारीक सुया फिरत होत्या, पाण्याचे फवारे उडत होते आणि मधे हळूहळू दात उघडा पडत होता. एवढा वेळ मी कशाकडेही न हलता बघितलेले नाही. जांभळा दात तोंडात बसवून पाहिला तेव्हा बाबांनी आरशात बघितले आणि माझ्याकडे बघितले. मी त्यांच्या समोर जाऊन सांगितले, "भट्टीत गेला की पांढरा होतो." ते म्हणाले, "नाही झाला तर आईला सांग, शाई प्यायली म्हणून."

भट्टीतून आला तो अगदी दात. शेजारच्यासारखाच, किंचित पिवळट. चिकटवला, निळा दिवा धरला, रंगीत कागद चावायला दिला. दुपारच्या जेवणाच्या आत आम्ही रस्त्यावर होतो.

निघताना मी विचारले, "क्लॅरिनेट वाजवलं तर चालेल?"

"त्यासाठीच तर केलाय. ओठ बरा झाला की वाजवू द्या. कडक काही पुढच्या दातांनी तोडू नका, एवढंच."

"तुटू शकतो का?"

"तुटायला काय, तुमचा-माझाही तुटू शकतो."

हे उत्तर मला आवडले नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

डोक्यातून जात नाही. माउथपीस एबोनाइटचा आहे, दगडासारखा. पोर्सेलीन म्हणजे शेवटी भांड्याची जात. दोन कठीण वस्तू एकमेकींवर दाबायच्या, वर त्या थरथरत राहणार. आमच्या दुकानात पितळी पाटी कोरताना खाली रबर घातल्याशिवाय मी कधी शिकंजा आवळत नाही. पाटी तडकत नसते तरी घालतो.

म्हणून आज शिक्क्याच्या रबराची एक पट्टी कापली. माउथपीसवर दातांच्या जागी बाबांच्या दातांनी दोन खळगे पडले आहेत, त्यांवर बरोबर बसेल अशी. कोपरे गोल केले, कडा घासल्या, पक्क्या गोंदाने चिकटवली. मालक खांद्यावरून बघत म्हणाले, "कुणाचा शिक्का रे? अक्षरं पळाली वाटतं."

घरी बाबांनी पट्टीवरून अंगठा फिरवला. म्हणाले, "छान बसवलंस."

मी नववीत शाळा सोडली तेव्हापासून माझ्या कामाला ते पहिल्यांदाच छान म्हणाले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ओठ भरत आला म्हणून बाबांनी आज वाजवून बघितले. दोनच सूर काढले आणि थांबले. क्लॅरिनेट उलटे करून आत फुंकले, माउथपीसवरची वेताची पत्ती बदलली, पुन्हा दोन सूर. मग म्हणाले, "आवाज येत नाही."

मी म्हटले, "येतोय की. पूर्वीसारखाच येतोय."

"तुला येत असेल."

त्यांना टोमणा मारायची सवय नाही. म्हणून जास्त लागले. आईने मला डोळ्यांनी गप्प बसवले.

८ नोव्हेंबर, शनिवार

पेटी धरायला म्हणून तालमीला गेलो. गेलो नसतो तर बरे झाले असते.

बाबा फार मोठ्याने वाजवत होते. सूर चढत होता आणि त्यांना पर्वा नव्हती. मास्तर म्हणाले, "काका, जरा हळू. पाहुणे उद्घाटनाआधी पळून जातील." सगळे हसले. मग चिरका आवाज निघाला, शिट्टीसारखा. लांबूने खाली बघितले, पण त्याचे खांदे हलत होते.

मधल्या सुट्टीनंतर मास्तरांनी लांबूला पुढे आणि बाबांना मागच्या रांगेत उभे केले. मला वाटले, तिथे निदान सोपे जाईल, लांबूच्या मागून वाजवायचे. उलट झाले. लांबू धून उचलायचा आणि बाबा भलतीकडेच सुरू व्हायचे. एकदा सगळा बँड थांबला आणि बाबा एकटेच वाजवत राहिले. डोळे मिटले होते. शेजारच्याने कोपराने ढोसले तेव्हा थांबले.

ढोलकाका म्हणजे बाबांचे जुने दोस्त. मला वाटले ते तरी काही चांगले बोलतील. ते भर तालमीत म्हणाले, "मास्तर, यांना मागं ठेवू नका. मागं ठेवायचं असेल तर सरळ घरी पाठवा."

दोस्ताने असे बोलावे! मी त्यांना जाताना नमस्कारसुद्धा केला नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

"दात मुका आहे," बाबा म्हणाले. "पहिला बोलायचा. हा कपबशीचा आहे. कपबशी काय बोलणार?"

आई म्हणाली, "बशीतून चहा पिताना तुमची कपबशी गल्लीभर ऐकू जाते."

ते हसले नाहीत. तिने त्यांच्या बाहीला हात लावून तेच वाक्य पुन्हा म्हटले, मग हसले. ही आईची जुनी सवय आहे. बोलायच्या आधी बाही ओढते. बाबा आपल्याच सुरात असतात, त्यांना बाहेर काढावे लागते.

मी विचार केला. दात मुका म्हणजे काय? दाबायला भीती वाटत असणार. रबर कडक पडत असेल. शिक्क्याच्या मुठीखाली आम्ही मऊ स्पंज लावतो, तो वर लावला तर दाताला काहीच टोचणार नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

जुनी पट्टी ठेवून वर स्पंजाचा थर चढवला. काम सफाईदार झाले. बाबांनी तोंडात धरले, वाजवले, आणि माझ्याकडे असे बघितले की मला काही कळेना. रागाने नाही. पुरात वाहून जाणारा माणूस काठावरच्याकडे बघेल तसे.

"बरं वाटतंय?" मी विचारले.

"मऊ आहे," ते म्हणाले.

१२ नोव्हेंबर

पेटी उघडली नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आजही नाही. पेटी कपाटावर ठेवली. मास्तरांचा निरोप आला की शनिवारची तालीम बघून कायमचे ठरवू. लांबूच पुढे राहणार असेल तर बाबा बँड सोडणार, असे ते आईला म्हणाले. फार मोठ्याने म्हणाले, मला माडीवर ऐकू आले. मग काय करतील? त्यांना दुसरे काही येत नाही. दुसऱ्या कुठल्या कामात मी त्यांना डोळ्यांपुढे आणूच शकत नाही.

मी आईला म्हटले, "त्यांना नक्की काय होतंय ते सांगत का नाहीत?"

"तू विचारलंस?"

"किती वेळा!"

"जिन्यावरून जाता जाता विचारतोस. समोर बसून विचार."

समोर बसलो. विचारले. म्हणाले, "तुझा दोष नाही." हे उत्तर नव्हे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पुन्हा दाताच्या दवाखान्यात. मीच हट्टाने नेले, क्लॅरिनेटही बरोबर घेतले. मला डॉक्टरबाईंना जाब विचारायचा होता. दात मापाने केला, रंगाने केला, पण माणूस वाजवू शकत नाही, मग काय उपयोग?

त्यांनी कागद चाववून पाहिला, टकटक करून पाहिले. "बसलाय उत्तम. काका, नक्की काय होतं?" बाबा माझ्याकडे बघू लागले. मग डॉक्टरबाईंच्या मनात काय आले कोण जाणे, त्यांनी मास्क खाली ओढला, खुर्ची त्यांच्यासमोर घेतली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. सावकाश.

बाबा मला म्हणाले, "तू जरा बाहेर बस."

काचेच्या दारातून अर्धवट दिसत होते. ते बराच वेळ बोलत होते. मग डॉक्टरबाईंनी पॉलिश करायचे यंत्र सुरू केले आणि त्याची मूठ नुसती दाताला टेकवली. टेकवली, काढली. टेकवली, काढली. आणि बाबा एकदम ओरडले, "आला! आला!"

मी उठून उभा राहिलो. वाटले, दुखले. पण ते हसत होते. अपघातानंतर पहिल्यांदा इतके मोकळे.

बाहेर आल्यावर डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "दाताला काही झालेलं नाही. ते रबर तेवढं काढून टाका."

"रबर काढलं तर दात तुटेल."

"तुटला तर दुसरा करू. मशीन कुठं पळून जात नाही."

"पण का काढायचं?"

त्या बाबांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते त्यांनी सांगायला हवं."

रस्त्यात बाबांना म्हटले, "त्या म्हणतात, रबर काढा." बाबा पेटी या हातातून त्या हातात घेत म्हणाले, "राहू दे. मन लावून बसवलंयस."

मला डॉक्टरबाईंचा राग आला आहे. त्यांचे काम जपायला मी रबर लावतो आणि त्याच म्हणतात काढा. मी काढणार नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

तालमीत तेच. मास्तर या वेळी हसलेसुद्धा नाहीत. बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "खूप वाजवलंत आयुष्यात. आता जरा बसून ऐका."

बाबा म्हणाले, "हो." पुढे म्हणाले, "कधीपासून?"

निवृत्ती कधीपासून, असे विचारत होते. मास्तर वह्या गोळा करू लागले. ढोलकाका ढोलाच्या मागे तोंड लपवून बसले होते. मी पेटी उचलली. दुसरे काहीही केले नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

हे नीट लिहायचे आहे.

दुकानात आज मोठी पितळी पाटी होती. कोरायचे यंत्र इतके किंचाळते की आम्ही कानांत बोळे घालतो. घातले की यंत्र दूर कुठेतरी गेल्यासारखे होते. दोन्ही हात पाटीवर होते म्हणून मी पोलादी मोजपट्टी दातांत धरली. नेहमीच धरतो. खाली वाकलो आणि पट्टीचे दुसरे टोक यंत्राला टेकले.

यंत्र माझ्या डोक्यात सुरू झाले. कानांत नाही. कपाळात, जबड्यात, डोळ्यांच्या मागे. मी दचकून मान उचलली, गेले. पुन्हा टेकवली, आले.

टेकवली, काढली. टेकवली, काढली. आला, आला.

मी शिक्क्याच्या रबराचा तुकडा घेतला. पट्टी आणि दात यांच्या मधे धरला. टेकवली.

काही नाही. यंत्र काचेच्या पलीकडे फिरत होते आणि त्याचा माझ्याशी काही संबंध नव्हता.

मालक विचारत होते, काय झाले. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. मी बोळे काढले नाहीत. तसाच बाहेर पडलो आणि घरापर्यंत तसाच चालत गेलो. मागून काय येते ते कळत नाही. माणूस एकदम शेजारी उगवतो. मी सारखा वळून बघत होतो. बाबा वळून बघत नाहीत, कारण वळून बघितले तर लोकांना कळेल.

घरी बाबा खिडकीशी पाठमोरे बसले होते. मी दारातून हाक मारली, "बाबा." मग मोठ्याने मारली. मग त्यांच्या मागे जाऊन, हाताच्या अंतरावर, आणखी मोठ्याने. ते रस्त्याकडे बघत होते. मान जराही हलली नाही.

स्वयंपाकघराच्या दारात आई होती. तिने मान हलवली. नको. मग पदराने तोंड पुसले आणि आत गेली. म्हणजे तिला माहीत होते. किती वर्षे, ते मी विचारले नाही. बाहीचे मला आठवते तेव्हापासून आहे.

मी कपाटावरून पेटी काढली. ज्या पात्याने रबराची पट्टी कापली होती त्याच पात्याने खरवडली. गोंद पक्का होता. माझेच काम, निघता निघेना. खाली ते दोन खळगे दिसले तेव्हा थांबलो.

बाबांच्या समोर जाऊन बसलो. माउथपीस दाखवला. म्हटले, "काढलं."

त्यांनी माझ्याकडे बरेच बघितले. मी काय काय जाणतो ते शोधत होते. मी दुसरे काही बोललो नाही. मग त्यांनी क्लॅरिनेट जुळवले, दात टेकवले आणि एक सूर लावला. खालचा, लांब. डोळे मिटले. सूर हळू हळू लहान करत नेला, इतका की मला कान द्यावा लागला. मला ऐकू येईनासा झाला तरी ते वाजवतच होते.

दाताची भीती अजून आहे. सगळा वेळ मी दातच बघत होतो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ढोलकाकांकडे गेलो. म्हटले, "मला कळलं."

"काय कळलं?"

"तुम्ही मागं ठेवू नका का म्हणालात ते."

ते खाली बसले. म्हणाले, "पुढं उभा असला की त्याला कुणाला ऐकावं लागत नाही, लेका. सगळे त्याला ऐकतात. मी मागून बुटाने त्याच्या बुटाला ताल देतो. बाकी तो दातांनी बघतो."

"मास्तरांना सांगू या का?"

"सांग. उद्याच दुसरा माणूस आणतील, पेढेवाल्यासारखे गोड बोलून."

"कानाच्या डॉक्टरकडे?"

"तुझी आई घेऊन गेली होती. डॉक्टरने यंत्र दिलं. घातलं, तर क्लॅरिनेट त्याला टिनाच्या डब्यासारखं ऐकू आलं. ते यंत्र कुठं आहे विचार आईला. पिठाच्या डब्यात असेल."

सायकलवाल्याची माफी मागायला हवी. तो कुठे राहतो मला माहीत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

तालमीत ढोलकाका मास्तरांशी इतके भांडले की शेवटी मास्तर म्हणाले, "बरं, सुरुवात तेवढी वाजवू द्या. जमलं नाही तर लांबू आहे."

बाबा पुढे जाऊन उभे राहिले. बुटाला बूट लागलेला मी बघितला. बाबांनी सुरुवात केली. कुणी हसले नाही. लांबूने आपले क्लॅरिनेट खाली केले आणि ऐकत राहिला, त्याची जागा आली ते त्याच्या लक्षातच आले नाही.

मास्तर म्हणाले, "उद्घाटनाला तुम्हीच." जरा थांबून म्हणाले, "या हंगामापुरतं." हे म्हणेपर्यंत बाबा सुरांच्या वह्यांकडे वाकले होते. दुसरे वाक्य त्यांच्यापर्यंत पोहोचले नाही. मी सांगितले नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

बाग झाली. भाषणे लांबली. बाबांना ती लांबल्याचे कळले नसावे, ते शांत उभे होते.

धून सुरू झाली तेव्हा मी समोर, पहिल्या झाडाशी उभा होतो. उघड्या माउथपीसवर उघडा दात. प्रत्येक वरच्या सुराला मी दाताकडे बघत होतो. मधल्या संथ जागेत लोक खुर्च्या सरकवायचे थांबले. एक बाई आपल्या बाळाला म्हणाली, "ऐक." बाबांचे डोळे मिटलेले होते. एवढ्या मोठ्या बागेत ते एकटेच होते, आणि सगळा बँड त्यांच्या मागून चालला होता.

नंतर त्यांनी दात तपासायला मला तोंड उघडून दाखवले, जनावराच्या बाजारात दाखवतात तसे. म्हणाले, "बघ. तुझी कपबशी शाबूत आहे." मी टोकाशी धरून बघितला. खाचेजवळ एक बारीक रेघ आहे. पॉलिशची असेल. आधी होती की नव्हती ते मला आठवत नाही, मीच एवढा बघणारा असून. उद्या डॉक्टरबाईंना विचारीन. त्या म्हणतील, दुसरा करू. दाताचे तसे करता येते.

घरी येताना रस्ता उताराचा होता. बाबा नेहमीसारखे मधोमध चालत होते आणि बागेतल्या बाळाविषयी बोलत होते, की ते बाळ त्यांच्याकडे बघून तोंड हलवत होते. मागून सायकलची घंटी वाजली. मी त्यांच्या बाहीला हात लावला आणि त्यांना माझ्या बाजूला घेतले.

सायकल गेली. तिच्याकडे त्यांनी बघितले. मग माझ्या हाताकडे.

"काय रे?" ते म्हणाले.

मी त्यांच्या समोर आलो, ओठ नीट दिसतील असा, आणि म्हटले, "काही नाही. खड्डा होता."

त्यांनी मागे वळून रस्ता बघितला. रस्ता गुळगुळीत होता. बाही त्यांनी सोडवून घेतली नाही, आणि आम्ही तसेच घरापर्यंत आलो.